अंगठ्याची जागा

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या त्या कारखान्याच्या दारावर निळ्या रंगात एक ओळ लिहिलेली होती: 'नमुना आणा, माल न्या.' रंग उडाला होता, पण शब्द खोटा नव्हता. ऑइल इंजिनाचा झिजलेला वॉल्व्ह आणा, गुऱ्हाळाच्या चरकाचं दात पडलेलं चाक आणा, नाहीतर परदेशी यंत्राचा असा एखादा तुकडा आणा की ज्याचं नाव तो बनवणाऱ्यालाही आठवू नये. चार दिवसांनी तसाच्या तसा दुसरा तुमच्या हातात. ड्रॉइंग, कागद, सही-शिक्के ही थेरं पुण्याकडच्या लोकांची. इथं नमुना टेबलावर ठेवायचा, कॅलिपर लावायचा आणि मशीन सुरू करायचं.

प्रसेनजीत कांबळे हा या कारखान्यातला सगळ्यात पक्का नकलाकार. बारा वर्षं लेथवर काढलेला, उचगावात भाड्यानं राहणारा, बोलायला कमी आणि कामाला कडक. त्याच्या मापात केसाइतका फरक कधी सापडला नाही अशी त्याची ख्याती होती, आणि खरं सांगायचं तर त्या ख्यातीचा त्याला थोडा माजही होता.

त्याची आई यल्लव्वा चंदगडच्या बाजूला, गणपतरावांच्या रोपवाटिकेत काजूची कलमं करायची. कलमाच्या मांडवात दोन रांगा बसतात. पुढच्या रांगेतला कापणारा रोपाचा शेंडा उडवतो, बुंध्याला मधोमध चीर पाडतो, चांगल्या झाडाची काडी दोन्ही बाजूंनी तासून तिची पाचर करतो आणि चिरेत बसवतो. मागच्या रांगेतली बांधणारी त्यावर प्लास्टिकची पट्टी गुंडाळते. कापणारे बाप्ये, बांधणाऱ्या बायका, हा तिथला रिवाज. प्रसेनजीतचा बाप भाऊसो पुढं बसून कापायचा, यल्लव्वा मागं बसून बांधायची. १९९३ साली भाऊसो गेला. त्याचा जलदान विधी उरकला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी यल्लव्वानं त्याचा घडीचा चाकू कमरेला खोचला, मांडवात गेली आणि पुढच्या रांगेत त्याच्या पाटावर बसली. बाप्यांनी नाकं मुरडली. तिनं मान वर केली नाही. तीन आठवड्यांनी तिच्या कलमांना पालवी आली, आणि पाट तिचा झाला.

अकरा वर्षं ती त्या पाटावर बसली. मग २००४च्या मे महिन्यात काड्या काढायला काजूवर चढली असताना फांदी मोडली आणि उजव्या मनगटाचा पार चुरा झाला. कोल्हापुरात आणून डॉक्टरांनी आत धातूची पट्टी घातली. हाड जुळलं, पण उजव्या अंगठ्यातला जोर गेला तो गेलाच. पाण्याचा तांब्या धरला तरी हात थरथरायचा.

गणपतराव उचगावला मुलाच्या घरी तिला भेटायला आले, येताना केळी घेऊन आले. माणूस वाईट नव्हता, आणि तीच पंचाईत होती. वाईट माणसाशी भांडता येतं.

"यल्लव्वा, काळजी करू नगंस," ते म्हणाले. "तुझी जागा हाय की आपल्यात. मागं बस. पट्टी बांधायला काय, डाव्या हातानंबी जमतंय."

यल्लव्वानं केळ्याची साल डाव्या हातानं सोलली. "मी कापणार, मालक."

"अगं, हात कुठाय कापायला?"

"दोन असत्यात की माणसाला."

गणपतराव हसले, पण ती हसली नाही. जुलैअखेर दुसऱ्या खेपेची रोपं कलमाला येणार होती. त्या दिवशी तिनं पन्नास कलमं डाव्या हातानं करून दाखवायची आणि ती जगली तर पाट तिचा, असं ठरलं. नाही जगली तर मागची रांग. यल्लव्वानं हे सगळं शांतपणे कबूल केलं, आणि गणपतराव गेल्यावर मुलाला समोर बसवलं.

"माझ्या हातात घातलंय ते काय हाय रं?"

"टायटॅनियमची पट्टी."

"गंजत न्हाय?"

"रगतात राहून गंजत न्हाय, अव्वा, मग आणि कशानं गंजंल?"

"आणि वजनाला?"

"लोखंडाच्या निम्म्यापेक्षा थोडं जास्त."

"तुमच्या कारखान्यात तसल्या पट्ट्या करत्यात म्हणालतास न्हवं?"

"व्हय. वरीस झालं."

"मग चाकू का करत न्हाईस त्याचा? तुझ्या अप्पाचा चाकू काजूच्या चिकानं खाल्लाय, आणि जड हाय. डाव्या हातानं नव्यानं शिकायचं तर हलका पायजे."

एवढंच बोलून ती भाकरी थापायला उठली, आणि एका हातानं थापणं जमेना म्हणून पुन्हा बसली. प्रसेनजीतनं ते पाहिलं. आईला चाकू करून द्यायचाच, हे त्यानं तिथंच ठरवलं. काय वाट्टेल ते झालं तरी.

कारखाना वर्षाराणी वहिनी चालवायच्या. सासरे गेल्यावर त्यांनी सगळं हातात घेतलं होतं आणि उद्यमनगरातल्या भल्याभल्यांना मापात ठेवलं होतं. प्रसेनजीतनं कापून उरलेले टायटॅनियमचे तुकडे मागितले तेव्हा त्यांनी आधी एकच प्रश्न विचारला.

"नमुना कुठाय?"

त्यानं भाऊसोचा चाकू टेबलावर ठेवला. बेळगावच्या बाजारातला, शिंगाच्या मुठीचा, पितळी खिळ्यांचा. पाठीत पोलादी कमान, तिच्या जोरावर पातं उघडं राहायचं नाहीतर मिटून बसायचं. पात्याला नख अडकवायला बारीक खाच. आणि मुठीच्या वरच्या अंगाला एक खळगा, भाऊसोच्या अंगठ्यानं वीस-पंचवीस वर्षं दाबून दाबून पाडलेला. वहिनींनी त्यावर बोट फिरवलं. "ने तुकडे," त्या म्हणाल्या. "जेवणाच्या सुट्टीत कर. आणि मशीनवरची टूलं खाल्लीस तर तूच धार लावून द्यायचीस."

टूलं खाल्लीच. टायटॅनियम हा माणसासारखा हट्टी धातू. घाई केली की तापतो, तापला की टूलाला चिकटतो, आणि त्याचा कीस साचू दिला तर पांढऱ्या जाळानं पेटतो. प्रसेनजीतनं एका आठवड्यात पाच टूलांची टोकं गमावली. पण त्याला त्यातून एक गोष्ट वाटली, आणि ती त्याला फार पटली: जो धातू आमची टूलं खातो, त्याच्या पात्याची धार काय टिकेल. म्हणून त्यानं मूठ तर टायटॅनियमची केलीच, पातंही त्याच धातूचं केलं. अख्खा चाकू एका जातीचा. जेवणाचा डबा एका हातात आणि कानस दुसऱ्या हातात, असे त्यानं तीन आठवडे काढले. शेवटी तो मुठीवरच्या खळग्याकडे वळला. खोली मोजली, उतार मोजला, आणि बापाच्या अंगठ्याचा तो खळगा जसाच्या तसा नव्या मुठीत उतरवला. तो घासताना त्याचे डोळे दोनदा भरून आले, आणि कीस उडाला म्हणून त्यानं ते पुसले.

चाकू झाला तेव्हा सगळा कारखाना गोळा झाला. करड्या रंगाचा, तळहातावर ठेवला तर आहे की नाही कळू नये असा. जुना आणि नवा शेजारी ठेवले तर रंगाशिवाय फरक नव्हता. वहिनीसुद्धा म्हणाल्या, "कांबळे, ह्यो खरा नमुना." प्रसेनजीतची छाती फुगली. यल्लव्वा एव्हाना गावी परतली होती. रविवारी त्यानं चंदगडची एसटी पकडली.

पाऊस असा होता की घाटात कंडक्टरनं गाडीतच छत्री उघडली होती. यल्लव्वा घराच्या सोप्यात काजूच्या काड्यांचा भारा घेऊन बसली होती. रोज डाव्या हातानं दोनशे काड्या तासायच्या, हा तिनं नेम घातला होता. खाली तासलेल्या काड्यांचा ढीग होता, आणि त्यातली एकही धड नव्हती. डाव्या हाताच्या दोन बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या.

तिनं नवा चाकू हातात घेतला, तोलला, आणि तिचा चेहरा उजळला. "पाखरागत हाय रं."

मग उघडायला गेली. खाचेत नख घालून ओढायचं तर दुसऱ्या हातानं मूठ आवळून धरायला हवी, आणि उजवा हात आवळत नव्हता. दोनदा निसटला. शेवटी तिनं पातं दातात धरून उघडलं. तिनं काडी घेतली, एका झटक्यात तासली. काप तिरका गेला आणि मधे खोल झाला. दुसरी, तिसरी, तीच गत. सातव्या-आठव्या काडीला पातं सालीवरून नुसतं सरकायला लागलं.

"चावत न्हाय ह्ये," ती म्हणाली. "चाटतंय."

प्रसेनजीतनं पात्यावर अंगठा फिरवला. धार गेली होती. आठ काड्यांत. टूलं खाणारा धातू कडक नसतो, चिवट असतो, आणि चिवटपणाला धार राहत नाही, हे बारा वर्षं लेथवर काढलेल्या कारागिराला काजूच्या काडीनं शिकवलं. त्याला शरम वाटली, आणि शरम वाटली की त्याला राग यायचा.

"मी नमुन्याबरहुकूम केलाय, अव्वा. तसूभर फरक न्हाय."

"तेच सांगतेय की मी तुला." तिनं मूठ त्याच्यासमोर धरली आणि खळग्यावर बोट ठेवलं. "ह्यो कुणाचा अंगठा?"

"अप्पाचा."

"मग? तुझ्या अप्पाचा हात ह्यो एवढा होता. माझा अंगठा त्यात कधीच बसला न्हाय. अकरा वर्षं मी त्या खड्ड्याच्या अलीकडं अंगठा ठेवून कापलं. हितं बग." तिनं उजवा अंगठा दाखवला. पेराजवळ एक जुनं, कडक घट्टं होतं. ते त्यानं लहानपणापासून पाहिलं होतं आणि ते कशानं पडलं हे कधी विचारलं नव्हतं. "उजव्या हातानं चालवून घेतलं. डाव्याला आता पुन्हा त्येच चालवून घे म्हणू? आणि धार बग कुठल्या अंगाला लावलीस."

कलमाच्या चाकूची धार एकाच अंगानं असते. एक बाजू सपाट, ती लाकडाला चिकटून सरकते. दुसऱ्या बाजूला उतार. उजव्या हाताला जी बाजू सपाट हवी, ती डाव्याला उलटी. आई डाव्या हातानं शिकतेय हे त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, तरी नमुना उजवा होता म्हणून त्यानं धार उजवी लावली होती. एकदाही त्याच्या मनात आलं नाही. सोप्यातल्या त्या वाकड्या काड्यांच्या ढिगाकडे बघून त्याला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. ती बिचारी इतके दिवस मांडवातून मागून आणलेल्या उजव्या चाकूनं डाव्या हाताला वळण लावत होती, आणि दोष हाताला देत होती.

"तू त्येचा चाकू केलास," यल्लव्वा म्हणाली. आवाजात राग नव्हता. "माझा कर."

रोपं कलमाला यायला तेरा दिवस उरले होते.

त्या दुपारी प्रसेनजीत दोन तास आईसमोर नुसता बसून राहिला. ती तासत होती आणि तो तिचा डावा हात बघत होता. करंगळी कुठं टेकते, मनगट कधी वळतं, अंगठा कुठं जाऊ बघतो. मग त्यानं अंगणातली तांबडी माती मळून तिचा गोळा केला आणि तिच्या हातात दिला. "चाकू धरतीस तसा धर. गच्च." तिनं धरला. बोटांच्या खुणा उठल्या. माती सुकली की आक्रसते हे फौंड्रीच्या गावात राहणाऱ्याला कुणी सांगायला नको, म्हणून त्यानं ओल्या गोळ्याचीच मापं घेतली आणि एसटीच्या तिकिटांच्या मागं लिहिली. गोळा आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून तो कोल्हापूरपर्यंत मांडीवर घेऊन आला. शेजारच्या पावण्यानं विचारलं, देवाचं काय हाय का? प्रसेनजीत म्हणाला, "आईचं हाय."

सोमवारी वहिनींनी सवयीनं विचारलं, "नमुना कुठाय?"

"नमुना न्हाय," तो म्हणाला.

वहिनींनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. मग दारावरच्या ओळीकडे पाहिलं. "बरं," त्या म्हणाल्या, "तुकडा एकच उरलाय. बघ."

एकच तुकडा, म्हणजे चुकायला जागा नाही. त्यानं आधी सागवानी लाकडाची मूठ केली, मातीच्या गोळ्याच्या मापानं, आणि डाव्या हातात धरून धरून घासली. मग टायटॅनियम. पात्याला त्यानं पॉवर हॅक्सॉचं मोडकं पान घेतलं. लोखंडी गज कापून म्हातारं झालेलं ते पोलाद, त्याची धार हटत नाही. घासताना तापून निळं पडलं तर मेलं, म्हणून दर दोन श्वासांनी पाण्यात बुडवायचं. धार डाव्या अंगाची. आणि नखाच्या खाचेऐवजी पात्याला एक भोक पाडलं, अंगठ्याचं टोक मावेल एवढं. मूठ डाव्या हातात धरून त्याच अंगठ्यानं पातं ढकललं की झालं, दुसऱ्या हाताची गरज नाही.

राहिली पाठीची कमान. तिचा जोर एकट्या अंगठ्याला रेटणं अवघड, म्हणून ती त्यानं काढूनच टाकली. ऑफिसात पडलेल्या एका परदेशी कॅटलॉगात त्यानं पाहिलं होतं: मुठीच्या एका फळीतच लांब चीर पाडायची, तिची जी जीभ होते ती जराशी आत वाकवायची. पातं उघडलं की जीभ त्याच्यामागं येऊन बसते आणि पातं मिटत नाही. टायटॅनियम हट्टी, वाकवलं तरी मागं फिरणारं, म्हणून या कामाला तेच बरं. ज्या हट्टानं त्यानं टूलं खाल्ली तोच इथं कामाला आला. पहिल्या दिवशी जीभ वाकेना. दुसऱ्या दिवशी वाकली आणि परत सरळ झाली. तिसऱ्या दिवशी त्यानं जिभेच्या मुळाशी धातू पातळ केला, आणि अर्ध्या दाबाला हात थांबवून तो पाच मिनिटं नुसता उभा राहिला. तुकडा मोडला असता तर दुसरा नव्हता. मग दाबला. जीभ वाकली, थांबली, आणि पात्यामागं खट् करून बसली. शेजारच्या मशीनवरच्या माणसांनी वळून पाहिलं. प्रसेनजीत घामानं निथळत होता.

खळगा त्यानं केला नाही. मुठीवर अंगठ्याची जागा सपाट ठेवली.

ठरल्या दिवशी मांडवात अख्खी रोपवाटिका जमली होती. कामं टाकून बघायला येणारी माणसं चंदगडातही कमी नाहीत. यल्लव्वा पाटावर बसली. चाकू पाच दिवसांपूर्वी तिच्या हातात पडला होता आणि त्या पाच दिवसांत तिनं किती काड्या तासल्या हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. तिनं डाव्या अंगठ्यानं पातं उघडलं. शेंडा उडवला, चीर पाडली. काडीचा एक काप, दुसरा काप, दोन्ही काचेसारखे गुळगुळीत. पाचर चिरेत बसली ती जणू तिथंच उगवली होती. तिनं रोप मागं दिलं. मागं बसलेल्या चिमणाबाईनं पट्टी गुंडाळायला घेतली आणि हळूच म्हणाली, "हं." पहिल्यासारखी भराभर नव्हे, सावकाश, पण एकही काडी वाया न घालवता पन्नास कलमं झाली. कपाळावरचा घाम पुसायलासुद्धा ती थांबली नव्हती. गणपतरावांनी रोपाच्या प्रत्येक पिशवीवर चुन्याचं बोट ओढलं. "आता बगू," ते म्हणाले, "तीन आठवड्यांनी."

ते तीन आठवडे प्रसेनजीतचा जीव टांगणीला लागला. लेथवर मापं चुकली नाहीत, पण जेवण गोड लागलं नाही. काप चांगला म्हणजे कलम जगलं असं नसतं. आत रस जुळावा लागतो, आणि ते बाहेरून दिसत नाही.

तो गेला तेव्हा गणपतराव चुन्याच्या खुणांवरून मोजत होते. पन्नासातल्या त्रेचाळीस काड्यांच्या टोकाला तांबूस पालवी फुटली होती. त्यांनी दोनदा मोजलं. मग सरळ मांडवात गेले. यल्लव्वा तिथं पुढच्या रांगेत आधीच बसलेली होती, पाटावर, जणू निकाल लागायचा होता तो दुसऱ्या कुणाचा.

"त्रेचाळीस," गणपतराव म्हणाले. "गडी मान्सांचीबी एवढीच जगत्यात. जिकलीस बाई."

यल्लव्वानं मान हलवली. तिनं खालचा ओठ दातांखाली धरला. प्रसेनजीतला मात्र आवरलं नाही. तो मांडवाच्या बाहेर जाऊन तोंड धुऊन आला.

परत आला तेव्हा गणपतराव तो चाकू हातात घेऊन उलटसुलट बघत होते. त्यांचे डोळे लकाकत होते. "कारागीर, असलं दहा नग करून दे मला. सगळ्या गड्यांस्नी देतो. नमुना तर हायच." त्यांनी उत्साहानं एक काडी उचलली, उजव्या हातात चाकू धरला आणि तासली. पातं लाकडात घुसलं आणि काडी तुटली. दुसरी घेतली, तीही तुटली. त्यांनी मूठ फिरवून धरली, अंगठा इकडं ठेवला, तिकडं ठेवला. कुठंच बसेना.

"नमुना चालत न्हाय त्याला, मालक," प्रसेनजीत म्हणाला. "गडी आणा. एकेकाचा हात बगतो, मग करतो."

"मर्दा, चाकू तर ह्योच हाय की. मग माझ्या हातात का चालंना?"

यल्लव्वानं डावा हात पुढं केला आणि त्यांच्या हातातून चाकू काढून घेतला. अंगठा आपल्या जागी गेला.

"न्हाय चालायचा, मालक," ती म्हणाली. "त्यो माझा हाय." आणि तिनं पुढची काडी उचलली.